कोंडामाय

रुखमाबाईचं नाव काढलं की आजही माझं डोकं उठतं. वर्धा जिल्ह्यातल्या सहा शाळांत मी मास्तरकी केली. हेकट पाटील पाहिले, बहिरे साहेब पाहिले, पण या बाईएवढा ताप मला कोणी दिला नाही. माणूस वाईट असला तर निदान सरळ रागावता तरी येतं. हिच्यावर रागावायला जावं तर अर्ध्या वाटेत आपलाच राग आपल्याला खोटा वाटायचा, आणि त्याचा आणखी राग यायचा.

चोपन्न साली माझी बदली अल्लीपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात झाली. शाळा चौथीपर्यंत, मास्तर एकटा मी. राहायला मिळाली ती खोली दोन घरांच्या मधली. डाव्या हाताला मीराबाई, उजव्या हाताला रुखमा. खोलीपुढची छपरी, म्हणजे पडवी, तीच शाळा. दोघींना एकमेकींकडे जायचं तर वाट माझ्या छपरीतून. बोलायचं असलं तरी माझ्याच छपरीत उभ्या राहून, आणि भांडायचं असलं तरी तिथंच. मी वह्या तपासत असलो तरी त्यांना त्याचं काही नसे.

रुखमा तेव्हा पंचेचाळिशीची असेल. उंच, काळी, सुपारीएवढा अंबाडा, आवाज असा की वाडीतून हाक मारली तर नाल्यापलीकडचा गडी मान वर करी. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला. मूल नाही. घरामागच्या तुकड्यात, म्हणजे वाडीत, वांगी, मिरच्या आणि सांबार लावायची आणि टोपली डोक्यावर घेऊन अल्लीपूरच्या बाजारात बसायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात हे आर्वीत जन्मलेल्या मला ठाऊक नसणार, अशी तिची पक्की समजूत होती. दर वेळी जुडी हातात देताना म्हणायची, "मास्तर, सांबार म्हनजे कोथमीर. कळलं का?" पाच वर्षांत एक काडी कधी वर दिली नाही. कोणी घासाघीस केली की त्याच्या हातातलं वांगं ओढून परत टोपलीत टाकायची आणि वर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. गावातली पोरं तिला भ्यायची. एक सोडून.

ती एक म्हणजे मीराबाईची चिंधी.

या चिंधीची गोष्ट गावातल्या निदान दहा जणांनी मला सांगितली, आणि मी "ठाऊक आहे" म्हटलं तरी पुन्हा सांगितली. मीराबाईची पहिली तीन लेकरं पाठोपाठ गेली होती. एकानंही सव्वा महिना पाहिला नाही. चौथ्या खेपेला मुलगी झाली, तीही सुतळीसारखी. बाया विहिरीवर म्हणू लागल्या, "हे बी जगत नाई." मग गावातल्या जाणत्या रामबाईनं ठरवलं की पोर विकायचं. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथं हे करतात. लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या एखाद्या बाईनं जाता जाता "कोनाचं टाकलेलं हाय व हे?" म्हणून उचलायचं. मग आईनं त्या बाईला सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे मरणाच्या लेखी ते पोर उकिरड्यावरचं, कोंड्याच्या मोलाचं, त्याच्याकडे कोण बघतो! नावही तसंच ठेवायचं, चिंधी.

उचलायला शेजारची रुखमा ठरली. तिनं पोर उचललं, इथपर्यंत ठीक झालं. मीराबाईनं कोंड्याचं सूप पुढे केलं. नेमकं तेव्हाच पोर कळवळून रडलं. रुखमानं दोन्ही हातांनी त्याला छातीशी घेतलं, सूप घ्यायला हात उरला नाही, म्हणून मीराबाईनं ते खाली ठेवलं. सगळ्या बाया पोराकडे पाहत होत्या. पाहतात तर रुखमाच्या शेळीनं सूप चाटून लख्ख केलेलं! या शेळीचं नाव मुकी. दिवसभर बेंबटायची, म्हणून मुकी.

म्हणजे मोल पोचलंच नाही, रीतीनं पोर रुखमाचंच राहिलं. आता माझ्यासारख्या माणसाला विचाराल तर यात अडचण काय? दुसरा कोंडा आणा, हातात द्या, विषय संपला. पण रामबाईनं बोट वर केलं आणि म्हणाली, "राहू द्या. जसं झालं तसंच राहू द्या. यातच तिचं जगनं असन." आणि झालं असं की पोर जगलं. सव्वा महिना गेला, वर्ष गेलं, सहा वर्षं गेली. मग पुन्हा कोंड्याला हात लावायची छाती कोणाची होणार?

चिंधी दोन घरांत वाढली. सकाळची भाकर इकडे, दुपारची तिकडे. मीराबाई तिची माय, आणि रुखमा तिची कोंडामाय. कोणी तिला चिडवायला म्हटलं, "तुले तं इकलं होतं व," तर ती ऐटीत सांगायची, "हाव, कोंडामायनं घेतलं मले." जिच्या तोंडातून गावाला चांगला शब्द ऐकू आला नव्हता ती रुखमा या पोरीला मांडीवर घेऊन तिच्या उवा काढत बसायची आणि तिच्याशी इतक्या हळू आवाजात बोलायची की भिंतीपलीकडे मला एक अक्षर कळत नसे. माझ्या बाबतीत मात्र हा आवाज तिला कधी सापडला नाही.

छप्पन सालच्या जूनमध्ये चिंधी शाळेत आली आणि सगळं बिघडलं. बिघडवलं मी, हे कबूल करतो. तिचा बाप लहानू हिंगणघाटच्या गिरणीत कामाला. तो बाजाराच्या दिवशी तेवढा घरी यायचा, म्हणून पालक म्हणून आईचं नाव लिहावं असं मी ठरवलं. छपरीत पंधरावीस माणसं, मीराबाई पुढे, रुखमा मागे खांबाला टेकून. शाळेसाठी मीराबाईनं नाव ठरवून आणलं होतं, कांता. ते लिहिलं आणि मी पोरीला विचारलं, "आईचं नाव सांग."

"कोनती माय?" चिंधी म्हणाली.

माणसं हसली. मी म्हटलं, "अगं, ज्यांची तू आहेस त्या."

तिनं खरोखर विचार केला. मग खांबाकडे बोट दाखवून म्हणाली, "मंग कोंडामायचं लिवा. मायनं मले इकलं ना!"

पोरीच्या हिशेबात चूक नव्हती. सहा वर्षं तिला जे सांगितलं तेच ती सांगत होती. पण मीराबाईचं तोंड उतरलं. चारचौघांत आपल्या पोटच्या पोरीनं दुसरीकडे बोट दाखवावं! मी घाईघाईनं 'मीराबाई' लिहिलं आणि टाक ठेवला. उशीर झाला होता.

"कोंडा तुले पोचला हाय," मीराबाई मागं वळून म्हणाली. "पोरगी माही हाय."

"मले काऊन पोचन?" रुखमा म्हणाली. "मी हात लावला नाई त्याले."

"शेळी कोनाची होती? तुहीच ना? तिनं खाल्ला म्हनजे तुलेच पोचला!"

"शेळीनं खाल्ला तं शेळीले पोचला. शेळीची हाय का मंग पोरगी?"

मी ओरडलो, "बायांनो, ही शाळा आहे!" कोणी ऐकलं नाही. त्या दिवशी जे सुरू झालं ते चार दिवस चाललं. शेवटी मीराबाईनं पोरीचा हात धरून घरात नेलं आणि बजावलं की उजवीकडच्या घरात पाऊल टाकायचं नाही. दोघींचा अबोला सुरू झाला. रुखमानं मला एकदाच सांगितलं, "मास्तर, कोंडा हातात घ्याले माह्या बापाचं काय जाते? पन घेतला अन् पोरीले काई झालं तं?" मी तिला समजावलं की हे सगळं अज्ञान आहे, लेकरं मरतात ती अस्वच्छतेनं आणि तापानं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमाले लेकरू हाय का?" नव्हतं. मी वह्या तपासायला घेतल्या.

चिंधीनं यावर आपली वाट काढली. ती डावीकडून माझ्या खोलीत यायची आणि उजवीकडच्या खिडकीतून उडी मारायची. "मी मास्तरकडं जातो," असं मायला सांगायची. इकडच्या पोरीबाळी 'मी जातो' म्हणतात, ते दुरुस्त करता करता मी थकलो होतो, त्यात हे. मी तिला अडवलं तर म्हणाली, "मायनं तिकडं पाऊल टाकू नोको म्हनलं. मी उडी मारतो." खिडकीखालची माझी तुळस तिनं तीनदा मोडली.

कार्तिकात रुखमाला ताप भरला. चार दिवस तिनं कोणाला कळू दिलं नाही. शेळ्या बांधल्या जागी ओरडू लागल्या तेव्हा चिंधी खिडकीतून गेली आणि धावत परत आली. मी जाऊन पाहिलं तर बाई खाटेवर पडलेली, ओठ फुटलेले, डोळे लाल. मुदतीचा ताप होता. मी सायकल काढली, हिंगणघाटला जाऊन डॉक्टरला विचारलं, गोळ्या आणल्या. डॉक्टरनं सांगितलं की इथं आणा, नाहीतर भरवसा नाही.

आणि ही बाई गोळ्या घेईना! मी पाण्याचा गडू तोंडाशी धरायचा, तिनं तोंड फिरवायचं. दोन गोळ्या उशाखाली सापडल्या, एक शेळीच्या पुढ्यात. "कायले मास्तर? माह्यामागं रडाले कोन बसलं हाय?" असं म्हणून भिंतीकडे कूस. गाडी जुंपून आणली तर खाटेची माच, ती लाकडी चौकट, घट्ट धरून बसली. "मले नेऊ नोका. कोनाची नाई मी. आपल्या घरात मरन." तापानं फणफणलेल्या बाईच्या अंगात एवढा जोर कुठून आला देव जाणे. गाडीवाला डोमाजी बैल सोडून विडी ओढत बसला. मी तिला समजावलं, दम दिला, शेवटी हात जोडले. वाटलं, मरू दे एकदाची, आणि असं वाटल्याची लाज वाटून मी पुन्हा समजावायला बसलो.

मीराबाई आपल्या दारात उभी राहून सगळं पाहत होती. तिला बोलावलं तर म्हणाली, "माही कोन लागते थे?" तिचा चेहरा रडवेला होता, पण पाय उंबऱ्याबाहेर निघत नव्हता. पाच महिन्यांचा अबोला म्हणजे दगड असतो, तो कोणी आधी उचलायचा यातच माणसं म्हातारी होतात.

विहिरीवर बाया म्हणत होत्या, "रुखमा काई जगत नाई आता." हे चिंधीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरांना पाढे सांगत होतो. मुकी शेळी माझ्या छपरीच्या खांबाला बांधलेली दिसली. बांधली होती माझ्याच धोतरानं, वाळत घातलेल्या. मी संतापून उठलो. चिंधी गाठ पक्की करत होती.

"हे काय चाललंय?"

"आधी शेळी बांधतो," ती म्हणाली. "नाईतर मांगच्या वानी खाऊन टाकन."

"काय खाईल?"

ती घरात गेली आणि सूपभर कोंडा घेऊन आली. सूप तिच्याहून रुंद. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, कोंडामायची खाट उकिरड्यावर न्या." मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? आजारी माणसाला उकिरड्यावर? तिनं थोडा विचार केला, परसात गेली, ओंजळभर केरकचरा आणि राख घेऊन आली आणि ती रुखमाच्या खाटेच्या पायाशी नीट पसरली. "उकिरडा थोडा इथंच आनला," म्हणाली. शाळा सोडून सगळी पोरं दाराशी गोळा झाली. मी त्यांच्यावर खेकसलो, पण मीही आतच गेलो.

तेवढ्यात मीराबाई तरातरा आली. "माहं सूप कोनं नेलं?" पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं हा उंबरा ओलांडला होता, तोही सुपासाठी. आत पाऊल पडलं आणि ती थबकली. रुखमाचे डोळे मिटलेले होते. गाल आत गेले होते.

"माय," चिंधी म्हणाली, "मी मरत होती तं मले इकलं ना? मंग मी जगली. आता कोंडामायले इक. मी घेतो तिले. कोंडा आनला."

"अव, मी कशी इकू तिले?"

"तूच इक. ज्याचं रायते थोच इकते."

"थे का माही हाय?" मीराबाईच्या तोंडून निघून गेलं.

पोरगी गोंधळली. तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारातल्या पोरांकडे पाहिलं. "मंग कोनाची हाय?" तिनं विचारलं. "कोनाचीच नसन तं तिले इकन कोन? मंग थे मरूनच जाईन ना."

गावाला शिकवायला सरकारनं मला नेमलं होतं. मी कोनाड्यातल्या गोळ्या उगाच मोजू लागलो. खाटेवर रुखमानं डोळे उघडले होते. ती मीराबाईकडे पाहत होती, आणि तिच्या त्या लाल डोळ्यांत जी भीती होती ती मरणाची नव्हती. ही बाई काय उत्तर देते, याची होती. ते पाहवलं नाही मला.

मीराबाई मटकन खाली बसली, त्या राखेतच. तोंडाला पदर लावून ती रडू लागली. "माही हाय," ती म्हणाली. "माह्या तीनही लेकरांले आंघोळ घालून मातीत हिनंच नेऊन ठेवलं. माह्यानं पाह्यलं जात नोतं. बहीन हाय माही. घे माय, नेजो तिले."

"मंग हे हातात घे," चिंधी म्हणाली. तिला रडण्याबिडण्याशी कर्तव्य नव्हतं, व्यवहार पुरा करायचा होता. "खाली ठेवू नोको. हातात घे." मीराबाईनं सूप दोन्ही हातांत घेतलं. बाहेर मुकीनं माझ्या धोतराला हिसडा दिला, ते फाटल्याचा आवाज मी ऐकला.

चिंधी खाटेजवळ गेली. "आता तू माही झाली," ती रुखमाला म्हणाली. "गोळी खा."

"कडू हाय थे," रुखमा पुटपुटली.

"मी इकत घेतलं हाय तुले. खा म्हनलं तं खा."

सात दिवस मी ज्या बाईपुढे डोकं फोडलं तिनं लहान पोरासारखं तोंड उघडलं. गोळी गिळली, वर पाणी प्यायली, पुन्हा मागितलं. तासाभरात डोमाजीची गाडी निघाली. माच धरली नाही, ओरडली नाही. डोकं मीराबाईच्या मांडीवर, पाय चिंधीच्या मांडीवर. कासराभर अंतरावरून तिचा क्षीण आवाज आला, "मास्तर, वाडीतल्या वांग्यांले पानी घालजा. सांबाराले बी. सांबार म्हनजे..." मी हात जोडले.

औषधानं ती बरी झाली, हे मी आजही ठासून सांगतो. कोंड्यानं ताप उतरत नाही. पण औषध पोटात कशानं गेलं, असं कोणी विचारलं तर मी विषय बदलतो.

अठ्ठावीस दिवसांनी ती परत आली. अंबाडा गेला होता, केस गळून डोकं उघडं पडलेलं, आवाज मात्र शाबूत. आल्या दिवशीच वांग्यांना पाणी जास्त घातलं म्हणून मला चार शब्द ऐकवले. आठवडाभरानं मीराबाई माझ्या छपरीत आली. हातात सूप, सुपात कोंडा, काठोकाठ. चिंधी तिच्या मागे.

"बाई," ती रुखमाला म्हणाली, "आता तुह्या हातात देतो. सहा वर्ष झाले. भेव नाई वाटत आता मले. मिटवून टाकू."

मी मनात म्हटलं, चला, सुटलो. एकदाचा हा कोंडा संपला. रुखमानं सुपाकडे पाहिलं, मग चिंधीकडे पाहिलं. हात पुढे केले, सूप घेतलं. घेतलं, आणि अंगणात गेली, खाली ठेवलं. मग खुंट्यापाशी जाऊन तिनं मुकीचं दावं सोडलं.

"काय करून राह्यली व?" मीराबाई ओरडली.

मुकीनं तोंड घातलं. आम्ही चौघं पाहत उभे राहिलो. ती म्हातारी शेळी हळूहळू, मान हलवत, सगळा कोंडा खात होती. संपल्यावर रुखमानं सूप उचलून झटकलं आणि मीराबाईच्या हातात दिलं.

"नाई पोचला," ती म्हणाली. "शेळीनं खाल्ला."

मीराबाईनं रिकामं सूप उलटं करून पाहिलं. मग हसू लागली, हसता हसता खांबाला धरून खाली बसली, आणि रुखमा उभ्या उभ्या डोळे पुसत तिला शिव्या देऊ लागली. चिंधी दोघींकडे पाहून म्हणाली, "मंग जेवाले आज कोनाकडं जाऊ?" मीही सोग्यानं डोळे पुसले, आणि त्याचाही मला रागच आला. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दाखल-रजिस्टर काढलं, कांताच्या नावापुढच्या पालकाच्या रकान्यात 'मीराबाई' होतं, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'व रुखमाबाई' लिहिलं.

पुढच्या तपासणीला साहेब आले. रजिस्टर चाळताना त्यांचं बोट तिथं थांबलं. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "गुरुजी, एका मुलीला दोन माता कशा?"

"साहेब," मी म्हणालो, "कोंडा शेळीनं खाल्ला."